पिवळी पिशवी कुणाची आणि भरपाई कुणाची?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : मी आणि माझे पती नागपुरात चौदा खाटांचे प्रसूतिगृह चालवतो. दवाखान्यातला जैव-वैद्यकीय कचरा नेण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्राशी आमचा करार आहे आणि त्याचे बिल आम्ही दरमहा भरतो. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी महापालिकेच्या गाडीत कचरा भरताना एका सफाई कर्मचाऱ्याच्या तळहाताला सुई टोचली. त्या काळ्या पिशवीत सलाईनच्या नळ्या आणि आमच्याच एका पेशंटचे नाव लिहिलेली बाटली निघाली. महापालिकेच्या उपद्रव शोध पथकाने दंडाची पावती दिली आणि आता प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारणे दाखवा नोटीस आली आहे. कचरा नेणारी कंपनी म्हणते, 'आमच्या गाडीत जे दिले तेवढेच आमचे.' विमा एजंट म्हणतो, 'मॅडम, पॉलिसीत सगळं कव्हर आहे.' पॉलिसीची मुदत याच महिन्याअखेरीस संपते. जबाबदारी नेमकी कुणाची, आणि विमा खरोखर कामी येईल का? जाता जाता आणखी एक : बाळंतपणानंतर नातेवाईक वार (प्लासेंटा) मागतात, ती द्यावी का?

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न विम्याचा असला तरी उत्तराची सुरुवात त्या सफाई कर्मचाऱ्यापासून करावी लागेल, कारण पुढे जो काही दावा उभा राहील तो त्याच्या तळहातावरच्या जखमेतून उभा राहणार आहे, आणि आपल्या पत्रात त्याच्यावर काय उपचार झाले याचा एक शब्दही नाही. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. ती मुदत आता उलटली आहे. ती औषधे त्याला वेळेत मिळाली की नाही, हे आजच विचारून घ्या. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन असते, तर हिपॅटायटिस बी ची, लस न घेतलेल्या माणसात, ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून त्याचे लसीकरण झाले आहे का, आता केलेल्या रक्ततपासण्यांत काय आले, आणि सहा आठवड्यांनी व तीन महिन्यांनी पुन्हा तपासण्या करण्याची व्यवस्था आहे का, याची चौकशी स्वतः करा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत त्याला एकट्याला रांगेत उभे राहावे लागू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

इथे एक सावधगिरी हवी. दायित्वाच्या बहुतेक पॉलिसींत अशी अट असते की, विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करू नये, भरपाईचे वचन देऊ नये किंवा परस्पर तडजोड करू नये. या अटीचा अर्थ जखमी माणसाकडे पाठ फिरवावी असा मुळीच नाही. तपासणीचा आणि लसीचा खर्च अवश्य द्या, मात्र सोबतच्या पत्रात हा खर्च मानवतेच्या भूमिकेतून, कोणतेही दायित्व मान्य न करता केला आहे, असे एक वाक्य ठेवा आणि त्या पत्राची प्रत त्याच दिवशी विमा कंपनीला पाठवा.

आता जबाबदारीविषयी. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली २८ मार्च २०१६ रोजी जाहीर झालेले जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम याबाबतीत संदिग्धता ठेवत नाहीत. ज्या जागेत कचरा निर्माण होतो त्या जागेचा ताबा आणि कारभार ज्याच्याकडे आहे तो भोगवटादार. आपल्या प्रसूतिगृहाच्या बाबतीत ते आपण आणि आपले पती. कचऱ्याच्या अयोग्य हाताळणीमुळे पर्यावरणाचे किंवा जनतेचे जे नुकसान होईल त्यासाठी भोगवटादार आणि प्रक्रिया केंद्राचा चालक हे दोघेही उत्तरदायी आहेत, असे नियमांत स्पष्ट म्हटले आहे. दरमहा बिल भरल्याने वाहतुकीची आणि प्रक्रियेची सेवा विकत मिळते, उत्तरदायित्व विकले जात नाही. कंपनीचे म्हणणे उद्धट वाटले तरी आपल्या प्रकरणापुरते ते बरोबर आहे, कारण ती पिशवी कंपनीच्या गाडीपर्यंत पोहोचलीच नव्हती. ती आपल्या दारातून महापालिकेच्या कचऱ्यात गेली. याउलट तीच पिशवी बारकोड लावून, वजन नोंदवून गाडीत चढली असती आणि वाटेत कुठे फेकली गेली असती, तर आपली बाजू बरीच भक्कम राहिली असती.

गाडी ठरलेल्या दिवशी आली नाही म्हणून पिशव्या साचल्या आणि मावशींनी त्या 'तात्पुरत्या' बाहेर ठेवल्या, असे आपल्याकडे घडले होते का? पत्रात तसा उल्लेख नाही, पण धंतोली-रामदासपेठेच्या दाट वस्तीत अनेक छोट्या दवाखान्यांत पिशव्या बाहेर येण्याची वाट हीच असते. कचरा ठरल्या वेळी उचलला गेला नाही तर भोगवटादाराने मंडळाला ताबडतोब कळवावे, असा नियम आहे, आणि तो फारसा कुणी पाळत नाही. एका ओळीचा ईमेल पुरतो. तो ईमेल केलेला असेल तर नोटिशीच्या उत्तराला जोडण्यासाठी त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही. केलेला नसेल, तर मागाहून तारीख टाकून तयार करण्याच्या मोहात पडू नका.

दुसरी शक्यता अधिक त्रासदायक आहे. सलाईनच्या नळ्या आणि बाटल्या हे विकले जाणारे प्लास्टिक आहे आणि रात्रपाळीतल्या कुणीतरी ते कबाड्यासाठी बाजूला काढून ठेवले असू शकते. गुजरातमधील मोडासा येथे २००९ मध्ये हिपॅटायटिस बी ची जी जीवघेणी साथ पसरली, तिच्या तपासात वापरलेल्या सिरिंजांचा पुन्हा वापर आणि त्यांचा परत बाजारात येणारा व्यापार समोर आला होता. म्हणूनच लाल पिशवीतले, म्हणजे अशा नळ्या-सिरिंजांचे, प्लास्टिक कापून निकामी करण्यावर एवढा भर दिला जातो. आपल्याकडच्या सगळ्या मावशी, वॉर्डबॉय आणि सिस्टर यांच्याशी शांतपणे, एकेकाशी स्वतंत्र बोला. पोलिसी चौकशीचा सूर लागला की कुणीच काही सांगणार नाही, आणि खरे कारण कळल्याशिवाय नोटिशीला दिलेले उत्तर पोकळ ठरेल.

रंगांचे वर्गीकरण आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर फार थांबत नाही. रक्ताळलेला कापूस, वार, ऊती व मुदत संपलेली औषधे पिवळ्यात, नळ्या, मूत्रपिशव्या, हातमोजे व सुई काढलेल्या सिरिंजा लालमध्ये, सुया व पाती भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, आणि काचेच्या कुप्या व धातूचे इम्प्लांट निळ्यात. बिघाड रंगांत नसून अंतरात असतो. पांढरा डबा आणि नीडल कटर (सुई कापण्याचे यंत्र) ड्रेसिंगच्या खोलीत आणि इंजेक्शन दिले जाते ते प्रसूतीच्या टेबलापाशी, अशी मांडणी असेल तर रात्री दोन वाजता दमलेली सिस्टर ती सुई ट्रेमध्येच ठेवणार आणि सकाळी ट्रे आवरणारी मावशी ती जवळच्या पिशवीत टाकणार. सुई जिथे वापरली जाते तिथून हात पोहोचेल इतक्या जवळ कटर हवा. आणि सलाईनच्या बाटलीवर पेशंटचे नाव लिहायचेच असेल, तर निघून येणारी चिठ्ठी लावा आणि टाकताना ती फाडा. आपल्या पेशंटची गोपनीयता गल्लीच्या कचऱ्यात उघडी पडली, या गोष्टीचा नोटिशीत उल्लेख नसेल, पण त्या बाईंना ते कळले तर त्यांची तक्रार वेगळीच असेल.

साठवणुकीबद्दल मात्र थोडे थांबतो. प्रक्रिया न केलेला शारीरिक आणि रक्ताळलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेली पिवळी पिशवी बारा तासांतच शेजाऱ्यांना आपले अस्तित्व कळवते. एप्रिल ते जून रोज उचल व्हावी, हे करारात लिहून घ्या, त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील. निर्जंतुकीकरणाचे एक ते दोन टक्क्यांचे हायपोक्लोराइटचे द्रावण उन्हाळ्यात लवकर कमजोर होते, म्हणून ते रोज नव्याने तयार करा आणि मूळ कॅन गच्चीवरच्या टाकीखाली न ठेवता सावलीत, गार जागी ठेवा.

नोटिशीचे उत्तर देताना वकिलाचा सल्ला घ्याच, पण वकिलाकडे जाण्याआधी कागद गोळा करा : मंडळाचे प्राधिकारपत्र व संमतीपत्र आणि त्यांची मुदत, प्रक्रिया केंद्राशी केलेला करार, गेल्या वर्षभरातील बारकोड नोंदी व उचल पावत्या, रोजच्या वजनाची वही, कर्मचाऱ्यांचे हिपॅटायटिस बी व धनुर्वाताचे लसीकरण, त्यांची वार्षिक आरोग्य तपासणी आणि वर्षातून किमान एकदा व्हावे लागणारे प्रशिक्षण यांच्या नोंदी. नियमाने या नोंदी पाच वर्षे जपायच्या असतात. तीसपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयाला कचरा व्यवस्थापन समिती लागत नाही, पण कचऱ्याची देखरेख करणारी एक पात्र व्यक्ती नेमलेली असावी लागते. ती कोण, हे आपल्याकडे लेखी नसेल तर आजच्या तारखेने नेमणूक करा आणि उत्तरात ती सुधारणा म्हणूनच सांगा. सिव्हिल लाइन्समधील उद्योग भवनात, मंडळाच्या कार्यालयात, सुनावणीला जाल तेव्हा 'आमच्याकडे सगळे नियमाप्रमाणेच चालते' असा पवित्रा घेऊ नका. पिशवीत आपल्या पेशंटचे नाव असलेली बाटली सापडली आहे. काय घडले, का घडले आणि तेव्हापासून काय बदलले, या क्रमाने लिहिलेले दोन पानी उत्तर अधिक चालते.

पैशाच्या बाजूने पाहता, जन विश्वास कायद्याने केलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या बदलानंतर पर्यावरण अधिनियमाखालील कलम १५ मध्ये तुरुंगवासाच्या जागी १०,००० रुपयांपासून १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे. याशिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राप्रमाणे रुग्णालयाकडून पर्यावरणीय भरपाई वसूल होऊ शकते. ती उल्लंघनाच्या प्रत्येक दिवसासाठी मोजली जाते आणि दिवसाला किमान १,२०० रुपये असते, त्यामुळे सुधारणा आठ दिवस लांबवणे हाही एक खर्चच आहे. सुई टोचणे हा नियमांच्या व्याख्येप्रमाणे 'मोठा अपघात' नाही, म्हणून त्यासाठी चोवीस तासांत अहवाल देण्याचे बंधन नव्हते. मात्र ३० जूनपूर्वी द्यायच्या वार्षिक अहवालात अशा अपघातांची आणि उपायांची माहिती द्यावी लागते. नोटीस आलेली असताना त्या रकान्यात 'निरंक' लिहिणे म्हणजे स्वतःहून दुसरी नोटीस मागवणे होय.

आता आपल्या एजंटाच्या 'सगळं कव्हर आहे' या वाक्याकडे वळतो. आपण पत्रासोबत पॉलिसीचे फक्त पहिले पान पाठवले आहे आणि त्यावरून दिसते की ती वैद्यकीय आस्थापनेची प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी आहे. ही पॉलिसी मुळात उपचारातील निष्काळजीपणामुळे पेशंटला झालेल्या हानीसाठी असते. महापालिकेचा सफाई कर्मचारी आपला पेशंट नाही. त्याने किंवा त्याच्या वतीने कुणी भरपाई मागितली, तर तो दावा पब्लिक लायबिलिटी, म्हणजे सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीत बसतो, जी आपल्याकडे बहुधा नाही. तीच सुई आपल्या मावशींना टोचली असती, तर तिसरीच पॉलिसी लागली असती, ती कर्मचारी नुकसानभरपाईची. आणि मावशी एजन्सीमार्फत नेमलेल्या असतील, तर त्या पॉलिसीत कंत्राटी कामगारांचा समावेश आहे का, हे वेगळे पाहावे लागले असते. सुई एकच, पण ती कुणाला टोचली यावर पॉलिसी बदलते, आणि एजंट नेमके हेच सांगत नाहीत. दंड, पर्यावरणीय भरपाईसारख्या शिक्षात्मक रकमा आणि कायद्याचे हेतुपुरस्सर उल्लंघन यांना तर या तिन्हींपैकी कोणतीच पॉलिसी हात लावत नाही. पथकाची पावती आणि मंडळाचा दंड आपल्याच खिशातून जाणार, हे गृहीत धरून चला.

सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीतही एक खाच आहे. प्रदूषणामुळे होणारे नुकसान तिच्यात सहसा वगळलेले असते आणि 'अचानक व अपघाती प्रदूषण' हे संरक्षण जादा हप्ता भरून वेगळे जोडावे लागते. सुईची जखम हे प्रदूषण की साधी शारीरिक इजा, यावर विमा कंपनी उद्या वाद घालू शकते. माझ्या मते ती शारीरिक इजाच आहे, पण माझे मत दाव्याच्या वेळी उपयोगाचे नाही. म्हणून पॉलिसी घेण्यापूर्वी कंपनीला, एजंटाला नव्हे, ईमेलने तीन गोष्टी विचारा : जैव-वैद्यकीय कचऱ्यामुळे त्रयस्थ व्यक्तीला झालेली इजा व संसर्ग पॉलिसीत येतो का, तो कचरा आवाराबाहेर गेल्यानंतर आणि वाहतुकीदरम्यान झालेले नुकसान येते का, आणि व्यवस्थापनाच्या नकळत कर्मचाऱ्याने नियम मोडला तर त्याला हेतुपुरस्सर उल्लंघन मानले जाईल का. उत्तर लेखी आले पाहिजे. विमा रक्कम ठरवताना प्रत्येक अपघातामागची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा या दोन वेगळ्या रकमा असतात, हेही लक्षात ठेवा.

भोपाळ दुर्घटनेनंतर आलेला १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम आपल्याला सक्तीचा आहे का, असा प्रश्न कदाचित कुणी काढेल. तो अधिसूचित घातक पदार्थ ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त हाताळणाऱ्यांसाठी आहे. चौदा खाटांच्या प्रसूतिगृहाचा त्याच्याशी सहसा संबंध येत नाही. आपण घ्याल ती पॉलिसी ऐच्छिक असेल. म्हणूनच तिच्यातला मजकूर वाटाघाटी करून ठरवता येतो.

सर्वांत निकडीची गोष्ट म्हणजे महिन्याअखेर. या प्रकारच्या पॉलिसी बहुधा 'दावा ज्या मुदतीत दाखल होईल त्या मुदतीची पॉलिसी' या तत्त्वावर चालतात. घटना मुदतीत घडली, पण तिची सूचना मुदत संपल्यानंतर दिली, तर जुनी पॉलिसी म्हणेल की कळवले नाही आणि नवी म्हणेल की आधीच माहीत होते. तेव्हा आपली सध्याची पॉलिसी लागू पडते की नाही याची चिंता न करता, मुदत संपण्यापूर्वीच कंपनीला घटनेची लेखी सूचना द्या. तारीख, वेळ, जखमीविषयी असलेली माहिती, पथकाची पावती आणि नोटिशीची प्रत एवढे पुरे. पोच घ्या. नूतनीकरणात पूर्वलक्षी तारीख, म्हणजे ज्या तारखेपासूनच्या घटनांना संरक्षण मिळते ती तारीख, जुनीच राहील हे पाहा. कंपनी बदलली आणि ती तारीख पुढे सरकली, तर मागच्या सगळ्या वर्षांचे संरक्षण एका सहीने जाते. आणि नव्या प्रस्ताव अर्जात 'दाव्याला कारण ठरू शकेल अशी घटना घडली आहे का' या प्रश्नापुढे 'होय' लिहा. हप्ता वाढेल. अर्ज एजंटाला कोरा सही करून देण्याची आपल्याकडे प्रथाच पडली आहे, आणि ऐन दाव्याच्या वेळी त्याच अर्जातला एक 'नाही' पुरा महाग पडतो. या घटनेसाठी आता घेतलेली सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी मागे जाऊन लागू होणार नाही, हेही स्पष्ट सांगितलेले बरे. ती पुढच्या घटनांसाठी असेल.

कचरा नेणाऱ्या कंपनीशी भांडण्यापेक्षा करार पुन्हा वाचा. तिच्या हलगर्जीपणामुळे आपल्यावर दावा आला तर ती भरपाई करून देईल, असे कलम त्यात आहे का, आणि तिच्या स्वतःच्या दायित्व विम्याची चालू वर्षाची प्रत आपल्याकडे आहे का, या दोन गोष्टी पाहा. छापील करारात बहुधा उलट कलम असते, ज्यात वर्गीकरण चुकल्यास सगळा भार रुग्णालयावर टाकलेला असतो. एकट्या प्रसूतिगृहाने त्यावर आक्षेप घेतला तर ऐकले जाणार नाही. शहरातील डॉक्टरांच्या संघटनेमार्फत हा मुद्दा मांडला तर बदल होण्याची शक्यता बरी आहे.

राहिला वारेचा प्रश्न. तो मानवी शारीरिक कचरा असून तो पिवळ्या पिशवीतूनच जायला हवा. ग्रामीण भागातून आलेल्या कुटुंबांत वार घराजवळ पुरण्याची रीत अजून आहे आणि आजीबाईंना नियम दाखवून उपयोग होत नाही, हे मी समजू शकतो. पण उघड्या प्लास्टिकच्या पिशवीतून बसमध्ये गेलेली वार वाटेत कुठे सापडली, तर तिचा मागही आपल्याच दारापर्यंत येईल. बाळंतिणीला भरती करतानाच, संमतीपत्रात एक स्वतंत्र ओळ घालून, वार दवाखान्यामार्फतच विल्हेवाटीला जाईल हे नातेवाइकांना वाचून दाखवा आणि सही घ्या. बाळ हातात आल्यानंतर तो विषय काढलात तर नकार देणे जड जाते.